डी ड्राइव्ह गायब, जागेवर ६० जीबीचे लिनक्स: एनटीएफएस विभाजन परत कसे आणायचे?

कुळागर · सोमवार, रात्री ९.४०

१ टीबीची फिरती हार्डडिस्क, जीपीटी (नव्या पद्धतीचा विभाजन-तक्ता), विंडोज १०. सी १२५ जीबी, डी साधारण ८०६ जीबी, एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत). विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून शेजारी उबुंटू (लिनक्स) टाकायला घेतले. हाताने विभागणी करताना डी लहान करायचा होता. तो चुकून डिलीट झाला, आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या सुरुवातीलाच ६० जीबीचे एक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टम) विभाजन तयार झाले. फाइल कॉपी होत असताना वीज गेली. फोंड्यात या दिवसांत पाऊस आणि वीज यांचा मेळ कसा असतो ते सांगायला नको.

विंडोज अजून सुरू होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या पुढे ६० जीबीचे बिनअक्षराचे विभाजन आणि त्यापुढे ७४५.९१ जीबी ‘अनअलोकेटेड’ दिसते. डीवर नाट्यमंडळाच्या प्रयोगांचे व्हिडिओ, भजनांची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या वह्यांचे स्कॅन, मिळून सुमारे ४१० जीबी, ४८ हजारांच्या आसपास फाइली. दुसरी प्रत नाही. काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये?

रापणकार · सोमवार, रात्री ९.५८

विंडोजमध्ये एखादे रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, स्कॅन लावा, निघेल सगळे. आधी ते ६० जीबी डिलीट करून अख्ख्या जागेचा डी पुन्हा बनवा, क्विक फॉरमॅट करा आणि मग चेकडिस्क चालवा. क्विक फॉरमॅटने विदा जात नाही.

मानशीकार · सोमवार, रात्री १०.१५

रापणकार, या घडीला देऊ नये असा हाच सल्ला. क्विक फॉरमॅट सगळा विदा पुसत नाही हे खरे, पण नवे एमएफटी (एनटीएफएसचा फाइलींच्या नोंदींचा तक्ता) लिहितो, आणि नव्या एनटीएफएसचे एमएफटी जुन्याच्याच जागी बसण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणजे नावे, फोल्डर आणि फाइलीचे तुकडे कुठे आहेत याचा जो एकमेव नकाशा शिल्लक आहे, त्यावरच पोचारा फिरवायचा. चेकडिस्क त्याहून वाईट. त्याचे काम फाइलसिस्टम सुसंगत करणे, तुमच्या फाइली वाचवणे नव्हे. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती तो कापून टाकतो आणि ‘फाउंड.०००’ मध्ये चिंध्या ठेवतो.

कुळागर, आज रात्री एवढेच करा: मशीन बंद. विंडोज पुन्हा सुरू करू नका, आणि उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीत त्या ६० जीबीच्या चिन्हावर क्लिक तर अजिबात नको. एक्सटी४ फॉरमॅट करताना आयनोड-तक्ते (फाइलींच्या नोंदींची जागा) लगेच पूर्ण लिहिले जात नाहीत. ते काम उधार ठेवलेले असते आणि पहिल्यांदा माउंट झाल्यावर कर्नल पाठीमागून शून्ये भरत जातो. इन्स्टॉलर चालू असताना त्यातले थोडे झालेच असेल. पुन्हा माउंट केले की उरलेलेही होईल.

दोन गोष्टी कळवा. डिस्क खरोखरच फिरती आहे ना, एसएसडी नाही? आणि डीवर बिटलॉकर (विंडोजचे कूटबद्ध कुलूप) होता का?

कुळागर · सोमवार, रात्री १०.२२

फिरतीच, ५४०० आरपीएम. बिटलॉकर नव्हता. मशीन बंद केले.

मानशीकार · सोमवार, रात्री ११.०५

मग आशा बरीच आहे. एसएसडी असती तर एव्हाना हा धागा मिटवावा लागला असता. एक्सटी४ बनवणारे साधन फॉरमॅटच्या आधी त्या सबंध पट्ट्यावर ‘डिस्कार्ड’, म्हणजे ‘इथला मजकूर आता नको’ असा आदेश, सोडते. एसएसडी तो आदेश मानते आणि त्या ६० जीबीतून पुढे बहुधा शून्येच वाचायला मिळतात. फिरत्या डिस्कवर हा प्रकार सहसा नाही.

आता नेमके काय मोडले आहे ते बघू. चार थर आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला थर विभाजन-तक्ता. त्यातली डीची नोंद गेली. ती पुन्हा लिहिता येते, फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा सेक्टर (डिस्कचा ५१२ बाइटांचा तुकडा) अचूक हवा. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत असते खरी, पण इन्स्टॉलरने नवा तक्ता लिहिताना दोन्ही प्रती बदलल्या. त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही. पुढची प्रत खराब आणि मागची शाबूत असेल तेव्हा जीडिस्क या तक्ता-दुरुस्तीच्या साधनाच्या ‘आर’ मेनूत जाऊन ‘बी’ दाबायचे. तुमची गोष्ट ती नाही.

दुसरा थर एनटीएफएसचा बूट सेक्टर, विभाजनाचा अगदी पहिला सेक्टर. एक्सटी४ बनताना तो पुसला गेला. पण एनटीएफएस त्याची एक प्रत विभाजनाच्या शेवटच्या सेक्टरात ठेवते, आणि ते टोक तुमच्या ‘अनअलोकेटेड’ भागात आहे. तिथे कोणी हात लावलेला नाही.

तिसरा एमएफटी. मोठ्या विभाजनावर विंडोज ते सहसा क्लस्टर (फाइलींना जागा देण्याचे एकक) ७८६४३२ वर सुरू करते. ४ केबीचा क्लस्टर धरला तर सुरुवातीपासून बरोबर ३ जीबीवर. हे ६० जीबीच्या आत येते, म्हणून खरी धाकधूक इथे आहे.

तरी गणित मांडून बघा. एक्सटी४ आपली जागा ब्लॉक-ग्रुपांत वाटते, एक ग्रुप १२८ एमबीचा. नेहमीच्या मांडणीत १६ ग्रुपांचे बिटमॅप (कुठली जागा वापरली याची नोंद) आणि आयनोड-तक्ते एकत्र ठेवतात, म्हणजे ते साधारण ०, २, ४, ६ जीबी अशा सम टप्प्यांवर पडतात. ३ जीबी विषम आहे, सुटला. सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टमच्या मुख्य माहितीच्या) प्रती ग्रुप १, ३, ५, ७, ९, २५, २७, ४९ असे करत पडतात. त्यातला २५ वा ग्रुप ३.१२५ जीबीवर सुरू होतो, म्हणजे एमएफटीच्या आरंभापासून १२८ एमबी पुढे. एमएफटीची एक नोंद १ केबीची, तर तुमच्या ४८ हजार फाइलींना ४७ एमबी पुरतात. तक्ता सलग असेल तर त्या प्रतीच्या कितीतरी अलीकडे संपतो. इन्स्टॉलरने नेमक्या त्याच जागी एखादी फाइल टाकली नसेल, तर तुमचा नकाशा शाबूत आहे.

चौथा थर म्हणजे फाइलींचा मजकूर. पहिल्या ६० जीबीत जे होते त्यातले काही गेले. त्यापुढच्या ७४५ जीबीला धक्का नाही.

रापणकार · मंगळवार, सकाळी ७.३०

फॉरमॅटचे मागे घेतो. पण रिकव्हरी सॉफ्टवेअर सीवर टाकले तर डीवर कसे काय लिहिले जाईल? सी वेगळे विभाजन आहे.

मानशीकार · मंगळवार, सकाळी ८.१०

बरोबर, सीवर लिहिलेले डीवर जात नाही. ‘त्याच डिस्कवर काही टाकले की सगळे संपते’ हे जरा जास्तच ताणून सांगितले जाते. अडचण दुसरी आहे. विंडोज चालू असले की बोट चुकायला जागा असते: ‘इनिशियलाइज करायचे का’, ‘फॉरमॅट करायचे का’ अशा खिडक्या, किंवा घरातल्या कोणीतरी मोकळी जागा दिसली म्हणून नवे विभाजन बनवणे. शिवाय डिस्क जुनी असेल तर तासन्‌तासाचे स्कॅन मूळ डिस्कवर करण्यापेक्षा एकदाच सबंध वाचून घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब नकलेच्या फाइलवर, करावे. प्रतिमेवर चूक झाली तर मूळ डिस्क आहेच.

चिखलकालो · मंगळवार, सकाळी ९.०२

प्रतिमा घेण्याची रीत मी सविस्तर देतो.

लागणारे सामान: २ टीबीची बाहेरची डिस्क, ४ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि वीज जाऊ नये याची सोय. २ टीबी अशासाठी की १ टीबी प्रतिमेला आणि ४१० जीबी काढलेल्या फाइलींना, दोन्ही मिळून जेमतेम दीड टीबी. बाहेरची डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीसाठीचे लाइव्ह लिनक्स) टाका. ते आपणहून कोणतेही विभाजन माउंट करत नाही, आणि डीडीरेस्क्यू (प्रतिमा घेणारे), टेस्टडिस्क (हरवलेली विभाजने शोधणारे), जीडिस्क सगळे त्यात तयार असते.

डेस्कटॉप असेल तर तो आणि बाहेरच्या डिस्कचा अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात काही डेस्कटॉप बंद पडतात.

आधी स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत तपासा. ५, १९७ आणि १९८ या ओळींतला कच्चा आकडा शून्य हवा. १९७ मध्ये आकडा असेल तर डिस्कचे काही सेक्टर वाचले जात नाहीत, आणि मग प्रत्येक तास मोलाचा. १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत साटाचे संपर्क काळवंडतात. केबल बदलून पुन्हा बघा.

मग डीडीरेस्क्यू. स्रोत म्हणून पूर्ण डिस्क द्या, विभाजन नव्हे. नंतर प्रतिमा-फाइलचे नाव, आणि तिसरे नाव मॅपफाइलचे. ही मॅपफाइल विसरू नका. मध्येच वीज गेली तर तोच आदेश पुन्हा दिला की काम थांबले होते तिथून पुढे सुरू होते. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने करा, म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. दुसरी फेरी ‘आर ३’ ने, उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर देवसुद्धा वाचवणार नाही, म्हणून एंटर दाबण्याआधी आकार आणि मॉडेल बघून खात्री करा.

वेळ: यूएसबी ३ वर सरासरी १०० एमबी प्रतिसेकंद धरले तर पावणेतीन तास. निळ्याऐवजी काळ्या खाचेत खुपसले आणि यूएसबी २ मिळाले तर आठ तास.

दर्यावर्दी · मंगळवार, दुपारी १२.४४

म्हापशाच्या बाजारात २ टीबीची डिस्क शुक्रवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, जाऊन घेऊ नका एवढेच सांगतो. गर्दीत पार्किंग मिळेपर्यंत प्रतिमा तयार होईल.

खाजन · मंगळवार, दुपारी ३.१०

थोडे बाजूचे, पण लक्षण सारखेच वाटते. लॅपटॉप विंडोज ११, एसएसडी. लिनक्स शेजारी टाकले आणि आता विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागते. लिनक्समधून सी उघडत नाही. विभाजन गेले का?

मानशीकार · मंगळवार, दुपारी ३.३५

गेलेले नाही, कुलूप लागले आहे. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले असेल तर पुष्कळ लॅपटॉपांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ न विचारता चालू होते. सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला की टीपीएम चिप किल्ली सोडत नाही. ती ४८ आकडी किल्ली त्याच खात्याच्या संकेतस्थळावर, उपकरणाच्या नावासमोर मिळते. पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाचे पहिले आठ वर्ण जुळवून घ्या, कारण एका खात्यात अनेक किल्ल्या असू शकतात. किल्ली मिळाली तर क्रिप्टसेटअप २.३ किंवा पुढची आवृत्ती लिनक्समधूनही ते उघडते. किल्लीच नसेल तर कुठलेही साधन काम करणार नाही. त्यात पैसे घालवू नका.

आणि टेस्टडिस्कने अशा विभाजनाचा बूट सेक्टर ‘दुरुस्त’ करू नका. तिथे ‘एनटीएफएस’ ऐवजी ‘-एफव्हीई-एफएस-’ अशी खूण असते आणि ती तशीच असायला हवी.

खाजन · मंगळवार, दुपारी ४.२०

किल्ली खात्यात सापडली, उघडले. आभार.

कुळागर · बुधवार, सकाळी ८.५०

प्रतिमा झाली, एकही सेक्टर न वाचलेला नाही. स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ शून्य. प्रतिमेवर टेस्टडिस्क लावले: ईएफआय जीपीटी, अ‍ॅनलाइज, क्विक सर्च. पण यादीत डी नाहीच! नुसते एक्सटी४ दिसते.

मानशीकार · बुधवार, सकाळी ९.१५

तसेच दिसणार. क्विक सर्च विभाजनांची तोंडे बघते, आणि डीच्या तोंडावर आता एक्सटी४ बसले आहे. एंटर दाबून ‘डीपर सर्च’ करा. ती एनटीएफएसच्या मागच्या बूट सेक्टरचाही शोध घेते. डीचा शेवट डिस्कच्या टोकाला असल्यामुळे स्कॅन जवळजवळ संपेपर्यंत काही दिसणार नाही. मध्येच थांबवू नका.

कुळागर · बुधवार, दुपारी १.०५

सापडले! ‘बॅकअप सेक्टर वापरून एनटीएफएस सापडले’ अशा अर्थाची ओळ आली. सुरुवात २६२३८३६१६, शेवट १९५२४९९७११. एक्सटी४ ची सुरुवातसुद्धा २६२३८३६१६ च. पण ‘पी’ दाबून फाइली बघायला गेलो तर फाइलसिस्टम खराब आहे म्हणते.

मानशीकार · बुधवार, दुपारी १.४०

‘पी’ चालत नाही कारण फाइलींची यादी करताना ते पुढचा बूट सेक्टर वाचायला जाते, आणि तोच पुसलेला आहे. घाबरू नका.

आधी आकडे स्वतः पडताळा. टेस्टडिस्क कधीकधी जुन्या, पूर्वी मोडलेल्या विभाजनाचे अवशेषही तितक्याच आत्मविश्वासाने दाखवते. सेक्टर १९५२४९९७११ हेक्समध्ये काढा. सुरुवात ‘ईबी ५२ ९० ४ई ५४ ४६ ५३’ अशी असली पाहिजे, त्यातली शेवटची चार अक्षरे म्हणजे एनटीएफएस. शेवटी ‘५५ एए’. तेराव्या बाइटला ०८, म्हणजे ८ सेक्टरांचा क्लस्टर, ४ केबी. ४० व्या बाइटपासून आठ बाइटांत एकूण सेक्टर, ४८ व्या बाइटपासून एमएफटीचा क्लस्टर. दोन्ही उलट क्रमाने वाचायचे.

एकूण सेक्टरांचा आकडा १६९०११६०९५ यायला हवा. विभाजनाच्या लांबीपेक्षा हा एकने कमी असतो, कारण शेवटचा सेक्टर या प्रतीसाठी राखलेला असतो. म्हणून सुरुवात अधिक हा आकडा बरोबर प्रतीची जागा: २६२३८३६१६ + १६९०११६०९५ = १९५२४९९७११. ही बेरीज जुळली की सुरुवात पक्की.

मग एमएफटी. ‘०० ०० ०सी ००’ दिसले तर तो ७८६४३२. त्याला ८ ने गुणून सुरुवातीत मिळवा: सेक्टर २६८६७५०७२. तिथे ‘४६ ४९ ४सी ४५’ दिसते का ते सांगा. ती ‘फाइल’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे, प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर असतात. पुढे दोन-दोन सेक्टरांनी हीच खूण पुन्हापुन्हा यायला हवी.

कुळागर · बुधवार, दुपारी २.३०

बेरीज जुळली. ०० ०० ०सी ०० आहे. सेक्टर २६८६७५०७२ वर ४६ ४९ ४सी ४५. पुढे ५० एमबीपर्यंत ठिकठिकाणी बघितले, सगळीकडे हीच खूण.

मानशीकार · बुधवार, दुपारी ३.२०

म्हणजे नकाशा हातात आहे. आता पुढचा क्रम नीट पाळा, कारण यातली एक पायरी दुसरीचा पुरावा पुसते.

क्रमांक एक, दुरुस्तीच्या आधी. लूप उपकरण म्हणून, म्हणजे फाइलच डिस्क असल्यासारखी, प्रतिमा जोडा, विभाजनांसह. ६० जीबीच्या विभाजनावर डम्पई२एफएस (एक्सटी४ ची रचना दाखवणारे साधन) चालवा आणि ते जे छापेल ते सगळे एका फाइलीत साठवा. त्यात प्रत्येक ग्रुपसमोर मोकळ्या ब्लॉकांचे पट्टे असतात. जे मोकळे नाही ते एक्सटी४ ने वापरलेले. गंमत अशी की दोन्ही फाइलसिस्टम एकाच सेक्टरावर सुरू होतात आणि दोन्हींचा तुकडा ४ केबीचा. म्हणून एक्सटी४ चा अमुक ब्लॉक म्हणजेच एनटीएफएसचा तोच क्लस्टर, काही वजाबाकी नाही. ही यादी नंतर कामाची आहे.

दोन, तक्ता. टेस्टडिस्कमध्ये डाव्या-उजव्या बाणाने एक्सटी४ ला ‘डी’ म्हणजे डिलीटेड करा, एनटीएफएसला ‘पी’ म्हणजे प्रायमरी. इथे एक खड्डा आहे: ‘राइट’ केल्यावर यादीत ‘पी’ असलेलीच विभाजने तक्त्यात राहतात. ईएफआय (बूटचे विभाजन), विंडोजचे राखीव १६ एमबीचे एमएसआर, सी आणि शेवटचे रिकव्हरी यांतले एखादे ‘डी’ राहिले तर तेही जाईल. एमएसआरमध्ये फाइलसिस्टमच नसते, त्यामुळे शोधात ते हमखास सुटते. म्हणून मला जीडिस्क बरे वाटते: फक्त एक्सटी४ ची चौथी नोंद काढा, त्याच क्रमांकावर नवी बनवा, दोन्ही सेक्टर हाताने टाका, प्रकार ०७००, ‘व्ही’ ने पडताळा, ‘डब्ल्यू’ ने लिहा. बाकीच्यांना हात लागत नाही.

तीन, बूट सेक्टर. लूप सोडवून पुन्हा जोडा, टेस्टडिस्कमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, एनटीएफएस निवडा, ‘बूट’. पुढचा खराब, मागचा ठीक असे दाखवेल. ‘बॅकअप बीएस’ निवडा, म्हणजे मागची प्रत पुढे येते. ‘रिबिल्ड बीएस’ नको. ते अंदाजाने बांधते, आणि तुमच्याकडे अस्सल प्रत आहे.

चार, फक्त वाचण्यासाठी माउंट, प्रकार स्पष्ट सांगून. नुसते माउंट म्हणाल तर ते गोंधळेल, कारण बूट सेक्टर पहिल्या ५१२ बाइटांत असतो आणि एक्सटी४ ची खूण १०८० व्या बाइटला अजून तशीच आहे.

कुळागर · बुधवार, संध्याकाळी ६.१२

डम्पई२एफएसची यादी साठवली. जीडिस्कने नोंद केली, बूट सेक्टर आणला. माउंट करताना ‘एमएफटीमिरर एमएफटीशी जुळत नाही, नोंद ०’ अशी चूक येते.

रापणकार · बुधवार, संध्याकाळी ६.२०

टेस्टडिस्कमध्ये ‘रिपेअर एमएफटी’ आहे ना?

मानशीकार · बुधवार, संध्याकाळी ६.४५

आहे, पण दिशा बघून. एमएफटीच्या पहिल्या चार नोंदींची प्रत, म्हणजेच मिरर, सहसा क्लस्टर २ वर असते. एक्सटी४ मध्ये ब्लॉक २ म्हणजे ग्रुप-वर्णनांचा तक्ता. त्यामुळे मिरर मेला आहे, मूळ जिवंत आहे. मुळावरून मिरर लिहायचा, मिररवरून मूळ कधीच नाही. उलटे केलेत तर कचरा मुळात जाईल.

एनटीएफएसफिक्सही हेच करते आणि सोबत लॉगफाइल रिकामी करते. प्रतिमेवर चालेल. मगाशी यादी आधी काढायला सांगितली ती याचसाठी: मिरर लिहिला की एक्सटी४ चा तो ब्लॉक गेला, मग डम्पई२एफएस कुरकुरते. कोणी यादी काढायला विसरले असेल तर त्याला ३२७६८ ब्लॉकवरचा राखीव सुपरब्लॉक द्या, सहसा चालते.

कुळागर · बुधवार, रात्री ८.०५

माउंट झाले!! सगळी फोल्डरे, सगळी मराठी नावे जशीच्या तशी. कॉपी सुरू केली आहे. देव बरें करूं.

मानशीकार · बुधवार, रात्री ८.३०

नावे दिसली म्हणजे फाइल चांगली असे नाही. पहिल्या ६० जीबीतल्या ज्या क्लस्टरांवर एक्सटी४ ने लिहिले, तिथल्या फाइलींचा आकार आणि तारीख बरोबर दिसेल, आत मात्र उबुंटूचे तुकडे असतील. कॉपी करताना चूकही येणार नाही.

कॉपी संपली की माउंट काढा आणि साठवलेल्या यादीतले वापरलेले पट्टे एकेक करून एनटीएफएसक्लस्टरला ‘सी’ पर्यायाने द्या. त्या क्लस्टरांवर कोणाची फाइल आहे ते ते नावानिशी सांगते. यादी जरा फुगीर येईल, कारण आयनोड-तक्त्यांची राखीव जागा न लिहिलेली असली तरी वापरलेली म्हणून मोजली जाते. साधारण मधोमध जर्नलचा (एक्सटी४ च्या बदल-नोंदवहीचा) सलग पट्टा असेल, तोही संशयित धरा. उलट बाजूही आहे: वीज गेल्यामुळे शेवटचे काही सेकंद बिटमॅपमध्ये उतरले नसतील, म्हणजे थोड्या फाइली यादीबाहेरही सापडू शकतात.

म्हणून आतूनही तपासा. एफएफएमपेग या साधनाला व्हिडिओ आणि ध्वनी देऊन निकाल कुठेच न लिहिता नुसते डिकोड करायला लावा, चुका तेवढ्या नोंदवा. फ्लॅक असतील तर फ्लॅकला स्वतःची ‘टी’ चाचणी आहे. पीडीएफला क्यूपीडीएफचे ‘चेक’, जेपेगला जेपेगइन्फो. एमपी३ बद्दल सावध: मध्ये कचरा आला तरी वाजत राहते, खट्‌ असा आवाज येतो आणि पुढे चालू.

चिखलकालो · बुधवार, रात्री ९.१०

यात भर. एमपी४ ची अनुक्रमणिका ‘मूव्ह’ नावाच्या पेटीत असते, आणि पुष्कळ कॅमेरे ती फाइलच्या शेवटी लिहितात. मधला तुकडा गेला तर तेवढी सेकंदे बिघडतात. पण ही पेटीच गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, आत चित्रे शाबूत असली तरी. तसे झाले तर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचे साधन पेटी पुन्हा बांधते. प्रयोगाच्या व्हिडिओला एवढी खटपट करायला हरकत नाही. फोटोरेक (मजकुराच्या खुणांवरून फाइली शोधणारे साधन) मात्र इथे शेवटी. ते नावे-फोल्डर काही देत नाही, आणि मोठा व्हिडिओ तुकड्यांत असेल तर त्याचा पहिलाच तुकडा हाती येतो.

तिसवाडी · गुरुवार, सकाळी १०.०५

माझा प्रश्न वेगळा. जीपार्टेडने (विभाजने बदलण्याचे साधन) एनटीएफएस विभाजन डावीकडे सरकवत असताना वीज गेली. तक्त्यात विभाजन दिसते, उघडत नाही. हीच रीत लागू होते का?

मानशीकार · गुरुवार, सकाळी १०.५०

नाही, आणि तुमचे जास्त कठीण आहे. सरकवणे म्हणजे सगळा विदा तुकड्यातुकड्याने उचलून नव्या जागी ठेवणे. मध्ये थांबले की पुढचा भाग नव्या जागी, मागचा जुन्या जागी, आणि सरक जितकी तितका मधला भाग दोन्हीकडे. कुठलाही एक तक्ता दोघांना बरोबर पडत नाही. टेस्टडिस्कला ‘राइट’ करू देऊ नका.

प्रतिमा घ्या, मग सरक किती होती ते काढा. जीपार्टेडचा तपशील साठवला असेल तर त्यात जुना-नवा सेक्टर असतो. लाइव्ह यूएसबीवर साठवला आणि वीज गेली, तर तो गेलाच. मग जुना शेवट मागच्या बूट सेक्टरवरून काढावा लागेल. त्यानंतर थांबल्याची जागा: नव्या जागेतला मजकूर आणि सरकेइतका पुढचा मजकूर जिथपर्यंत सारखा आहे तो पट्टा शोधा. डावीकडे सरकवताना काम सुरुवातीकडून शेवटाकडे होते, त्यामुळे त्या सीमेच्या आधीचे नव्या जागेवरून, नंतरचे जुन्या जागेवरून घेऊन दुसऱ्या फाइलीत सलग जोडायचे. जोडलेली फाइल हेच तुमचे विभाजन. शून्यांचे लांब पट्टे दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यावर सीमा ठरवू नका, एमएफटीच्या नोंदी किंवा व्हिडिओसारखा दाट मजकूर बघा.

सरक किती एमबीची होती, आठवते?

तिसवाडी · गुरुवार, सकाळी ११.१५

सीच्या मागे २० जीबी मोकळे केले होते, तेवढीच. नवा धागा काढतो, इथे गल्लत नको.

कुळागर · शुक्रवार, रात्री ९.२०

हिशेब देतो. ४१० जीबी कॉपी झाले. एनटीएफएसक्लस्टरने ११२ फाइली संशयित दाखवल्या. प्रत्यक्ष तपासात ३१ बिघडलेल्या, त्यातले १९ स्कॅन (वह्या आहेत, पुन्हा करता येतील), ९ एमपी३, ३ व्हिडिओ. यादीबाहेरची बिघडलेली एकच सापडली. तीनपैकी एका व्हिडिओची पेटी गेली होती, अनट्रंकने उघडला, मध्ये सात-आठ सेकंद हिरवे चौकोन आहेत.

मूळ डिस्क अजून तशीच ठेवली आहे. आता तिच्यावर उबुंटू परत टाकायचे तर विभाजन लहान कुठून करू, विंडोजमधून की इन्स्टॉलरमधून?

मानशीकार · शुक्रवार, रात्री ९.४५

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘श्रिंक’. त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्स डीला ‘विंडोज झोपले आहे’ म्हणून लिहू देणार नाही. श्रिंक हवे तितके होत नसेल तर मध्ये न हलणारी फाइल असते. डीवर पेजफाइल ठेवली असेल तर ती सीवर न्या. मग इन्स्टॉलरमध्ये फक्त ‘मोकळी जागा’ म्हणून दिसणारी ओळ निवडा, एनटीएफएसच्या ओळीला हात नको.

आणि हे सगळे ती दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर उतरल्यावर. सध्या चांगली प्रत एकच आहे, बाहेरच्या डिस्कवर.

दर्यावर्दी · शुक्रवार, रात्री १०.०२

आज शुक्रवार होता, म्हापशाला गेलेला नाहीत ना?

कुळागर · शुक्रवार, रात्री १०.०८

मडगावला गेलो होतो. दुसरी २ टीबी घेऊन आलो, कॉपी चालू आहे, यूपीएसवर.